‘दिला’ : एका अनियमित क्रियापदाचें कुळ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास ‘गिव्ह’चें भूतकाळीं ‘गेव्ह’ कां होतें, हें उमगत नाहीं. त्या भाषेस नियमच नाहींत, असें तो ठरवून टाकतो. पण घरच्या भाषेंत तरी काय आहे? ‘ने’चें ‘नेला’ होतें; ‘दे’चें मात्र ‘देला’ न होतां ‘दिला’. (‘करला’ म्हणणाऱ्या बालकास तर सारें घर हसतें.)

याचा उलगडा जुन्नरजवळच आहे. नाणेघाटांतील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा मानला जाणारा लेख आहे. काळ सुमारें इ. स. पूर्व पहिलें शतक. यज्ञांत वांटलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण यांची ती यादी. आणि दक्षिणेपाशीं पुनःपुन्हां शब्द येतो ‘दिना’, म्हणजे दिली. संस्कृत ‘दत्त’हून निराळें असें हें प्राकृत रूप ‘ल’ प्रत्यय लागून ‘दिला’ झालें. आंबेगांव तालुक्यांतल्या बाजारांत ‘पैसे दिले’ म्हणणारा तेंच उच्चारतो.

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिल्याची नोंद आहे. तेथें शब्द ‘देयधम’. हा यवन ग्रीक असेल, तर त्याच्या भाषेंतलें ‘दिदोमि’ आणि संस्कृत ‘ददामि’ हीं सख्खीं भावंडें. इंग्रजी ‘गिव्ह’ या कुळांतलें नव्हे. ‘डोनेशन’ आहे, तेंही लॅटिनच्या वाटेनें आलेलें.