सोरायसिस आणि मातृत्व



त्वचारोग व प्रसूती या दोन्ही विभागांच्या वतीने आज आम्ही ज्या विषयावर बोलत आहोत, तो घराघरांत दडवला जातो. मुलीला सोरायसिस आहे हे लग्न ठरताना सांगितले जात नाही. मग सासरी औषधे चोरून घेतली जातात आणि दिवस गेल्यावर ती गुपचूप चालू राहतात किंवा गुपचूप बंद होतात. आम्हाला आजारापेक्षा या गुप्ततेची अधिक चिंता वाटते.

हा विकार संसर्गजन्य नाही. आईच्या स्पर्शाने वा दुधाने तो बाळास होत नाही. आनुवंशिकतेचा अंश आहे, परंतु आईला आहे म्हणून बाळाला होईलच असे नाही.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात ५५ टक्के स्त्रियांचा त्रास गरोदरपणात कमी झाला, २३ टक्क्यांचा वाढला. तैवानमधील २०११ च्या अभ्यासानुसार सौम्य आजारात बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढत नाही; तीव्र आजारात तो सुमारे १.४ पट आढळला. म्हणजे बहुतेक भगिनींनी धास्ती घेण्याचे कारण नाही, मात्र तीव्र आजार असलेल्या मातेची तपासणी अधिक काटेकोर हवी.

औषधांबाबत मात्र हयगय चालत नाही. ॲसिट्रेटिनमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. ते थांबविल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. मेथोट्रेक्सेटही गर्भास घातक असल्याने ते आधीच थांबवावे लागते. म्हणूनच मूल हवे असे ठरताच, दिवस जाण्यापूर्वी, पतिपत्नींनी एकत्र यावे. सासूबाई सोबत आल्या तर उत्तमच! त्वचा मऊ राखणारी मलमे, सौम्य स्टेरॉइड मलमे आणि नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचार गरोदरपणीही देता येतात. या प्रकाशोपचाराने शरीरातील फॉलिक ॲसिड घटू शकते, त्यामुळे त्या गोळ्या चुकवू नयेत.

क्वचित गरोदरपणात अंगावर पूयुक्त पुळ्या उठून ताप येतो. हा प्रकार आई व बाळ दोघांनाही धोक्याचा असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाळंतपणानंतर दुखणे उलटते, हे कुटुंबीयांना ठाऊक नसते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी अभ्यासात ६५ टक्के स्त्रियांचा त्रास प्रसूतीनंतर वाढला होता. सिझेरियनच्या व्रणावरही चट्टे उठू शकतात. अशा वेळी बाळंतिणीला दोष न देता तिला आमच्याकडे आणावे. स्तनावर मलम लावले असल्यास दूध पाजण्यापूर्वी ते पुसून घ्यावे. अंगावर पाजणे बंद करू नये.