दवंडी कुणाची, घसा कुणाचा?
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)

माझा आजा गावात दवंडी पिटायचा. डफडं गळ्यात, चावडीपासून वेशीपर्यंत. शब्द पाटलाचे, घसा आजाचा. सारा भरा, वेठीला या, साहेब येतोय. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, डफडं माळ्यावर गेलं. मला वाटलं, आपल्या घराण्यातली दवंडी संपली. कसली संपतेय! २०१९ साली मी पुन्हा दवंडीवाला झालो. डफड्याच्या जागी लॅपटॉप आला आणि पदाला नाव मिळालं : कम्युनिकेशन्स ऑफिसर.

नोकरी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये. परदेशी पैशावर चाललेला प्रकल्प, खाणींचा कारभार सुधारण्याचा. खाणीचा परवाना कुणाला मिळाला, कर किती भरला, तो पैसा गेला कुठं, हे उजेडात आणायचं. कल्पना वाईट नाही, हे आधीच सांगतो. २००२ साली जोहान्सबर्गला अशाच एका जागतिक उपक्रमाची घोषणा झाली. ईआयटीआय म्हणतात त्याला, कचेरी ओस्लोत. मूळ रीत सोपी : कंपनीनं सांगायचं सरकारला किती दिले, सरकारनं सांगायचं किती मिळाले, आणि दोन्ही आकडे ताडून लोकांपुढे ठेवायचे. सिएरा लिओन त्यात आहे. भारत नाही.

त्या देशाच्या कोनो जिल्ह्यात १९३० साली हिरे सापडले. १९९१ ते २००२ यादवी युद्ध झालं, तेव्हा याच हिऱ्यांवर बंदुका आल्या. माणसांचे हात तोडले गेले. २००१ मध्ये एक निधी निघाला. हिऱ्यांच्या निर्यातीवर ३ टक्के कर, आणि त्यातला चौथा हिस्सा ज्या मुलखातून हिरे निघाले त्या मुलखाला परत. शाळेसाठी, पुलासाठी, दवाखान्यासाठी.

हे लोकांना सांगायचं, हे माझं काम. पोस्टरं इंग्रजीत होती. लोक बोलतात क्रिओ आणि कोनो. मी भांडून क्रिओत रेडिओचा कार्यक्रम करवून घेतला. त्याचा मला फार अभिमान होता. आजही थोडा आहे.

मग एके दिवशी सभा भरली कोर्ट बारीत, म्हणजे तिथल्या चावडीतच म्हणा. मी आकड्यांचा तक्ता टांगला. एक म्हातारी उठली. दुभाष्यानं तिचं बोलणं मला सांगितलं : “आकडा मोठा आहे बाबा. पण हिरे काढून माझ्या शेतात खड्डा ठेवलाय, त्यात पाणी साठतं. परवा नातू बुडता बुडता वाचला. तो खड्डा तुझ्या कागदावर कुठाय?”

सभा गप्प. मीही गप्प. पण प्रश्न लिहून घेतला.

फ्रीटाऊनला येऊन अहवाल केला. साहेबानं त्या वाक्याशेजारी शेरा मारला : सूर नकारात्मक. आणि मी ते वाक्य खोडलं. माझा हात कुणी धरला नव्हता, दोस्तहो. पगारानं धरला होता. पुस्तिका निघाली गुळगुळीत कागदावर. म्हातारीचा हसरा फोटो, खाली ओळ : माहितीतून सबलीकरण. तिचे दात छापले, तिचा प्रश्न गिळला.

त्या रात्री आजा आठवला. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मला होती.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय. आकडा सांगणं वेगळं, जाब देणं वेगळं. वरून खाली येते ती दवंडी, मग ती क्रिओत असो की मराठीत. खालून प्रश्न वर जातो आणि उत्तर घेऊन परत येतो, तेव्हाच त्याला संवाद म्हणायचं. २०२२ साली सिएरा लिओननं जमिनीचा नवा कायदा केला. प्रकल्पाला आपल्या जमिनीवर नको म्हणायचा हक्क त्यानं लोकांना दिला. तो कोनोतल्या बाईला तिच्या भाषेत कळला तर हक्क, नाहीतर कपाटातला कागद. म्हणून या कामाला मी शिव्या देत नाही. ते कुणासाठी करायचं एवढंच विचारतो.

आणि हे फक्त आफ्रिकेचं दुखणं नाही. आपल्याकडे २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाला रॉयल्टीवर आणखी ३० टक्क्यांपर्यंत रक्कम त्यात भरतो, खाणीनं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी. चंद्रपुरात आहे, गडचिरोलीत आहे. फलकावरचा फोटो बघून परत येऊ नका. हिशेब मागा. ठराव मागा. कुणाला विचारून खर्च केला ते विचारा.

तुमच्यातली पोरं-पोरी उद्या पत्रकार होतील, संस्थांत नोकऱ्या करतील. करा. पोट सगळ्यांनाच आहे. पण तुमच्या हाताखालून एखाद्या म्हातारीचा प्रश्न जाईल, तेव्हा हात आवरा.

माझा आवरला गेला नाही. म्हणून ते खोडलेलं वाक्य मी आज इथं बोललोय. भाषणातलं बाकी काही गाळलंत तरी चालेल. तेवढं छापा : तो खड्डा तुझ्या कागदावर कुठाय?