सहलीचा बेत आणि रानाची मालकी



खांदा कॉलनीतील चार तरुण एकत्र जमले आणि दोन दिवस रानात काढण्याचा बेत आखू लागले, की पहिला प्रश्न तंबूचा निघतो, दुसरा वाहनाचा आणि तिसरा जेवणाचा. ज्या भूमीवर तंबू ठोकायचा ती कोणाची, हा प्रश्न बहुधा निघतच नाही. वास्तविक बेताची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.

सर्वांत जवळचे रान कर्नाळ्याचे. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एस.टी.ने तेथे पोहोचता येते. १९६८ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले. २००३ साली त्याचा विस्तार होऊन क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर झाले. अभयारण्य म्हटले की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवान्यावाचून तेथे प्रवेश नाही आणि आग लावण्यास मनाई आहे. म्हणून दिवसा किल्ला चढावा, उजेड असतानाच खाली उतरावे आणि मुक्काम पायथ्याच्या एखाद्या गावात, गावकऱ्यांच्या संमतीने करावा. किल्ल्यावरील सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात; धूर आणि आरडाओरडा तेथे जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, तर होळीनंतर वाळलेला पाचोळा एका ठिणगीने पेट घेतो. दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ चढाईला उत्तम. पिण्याचे पाणी प्रत्येकाने घरूनच न्यावे आणि नेलेला कागदाचा कपटाही परत आणावा.

हे नियम तरुणांना जाचक वाटतील. परंतु ते रास्त आहेत. प्रश्न निराळाच आहे. तिकीट काढून आत गेलेला शहरी माणूस पाहुणा ठरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानावर जगलेला कातकरी डोक्यावर मोळी दिसताच संशयित ठरतो. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. लाकूडफाटा आणि गवतचारा यांवरील आपला हक्क बजावण्यासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर गेलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. नवश्या महादेव कातकरी हे त्यांतील एक. परकी सत्ता गेली, पण तिने केलेला १९२७ चा वन कायदा राहिला. रान सरकारी झाले होते, ते सरकारीच राहिले. सार्वजनिक झाले नाही. वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली कायद्याच्या पुस्तकात येण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्यानेही हक्क आपोआप पदरात पडत नाहीत. दावा करावा लागतो, पुरावे जोडावे लागतात. हंगामात वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने कागद सांभाळावेत कोठे?

म्हणूनच कार्यकर्त्यांच्या सहलीचा बेत निराळा असावा. वाटाड्या वाडीतलाच घ्यावा आणि त्याची मजुरी आधी ठरवून, घासाघीस न करता द्यावी. एका वेळचे जेवण वाडीतील भगिनींकडून योग्य मोबदला देऊन घ्यावे. वर्गणी ऐपतीप्रमाणे ठेवावी, म्हणजे हमालाचा मुलगा आणि बँकेतील कारकुनाचा मुलगा एकाच पंगतीला बसतील. वाडी म्हणजे प्रदर्शन नव्हे. विचारल्यावाचून कोणाच्या दारात छायाचित्रे काढू नयेत.

आणि परतण्यापूर्वीचा एक तास राखून ठेवावा. त्या तासात वाडीतील वनहक्काच्या दाव्यांची माणसांनिशी चौकशी करावी. दावा ग्रामसभेत पडून आहे, उपविभागीय समितीकडे अडला आहे की जिल्हा समितीपर्यंत गेला आहे, हे वहीत नोंदवावे. ती वही घेऊन पुढील आठवड्यात दोघांनी संबंधित कचेरीत जावे आणि मिळालेले उत्तर वाडीत जाऊन सांगावे. खांदा कॉलनीहून ती वाट फार लांबची नाही.