शिकाऊ हात आणि हृदयाची शस्त्रक्रिया
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



 आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शिक्षकी केली. तथापि शिकणे म्हणजे काय हे आम्हांस थोडेबहुत कळते, आणि तेवढ्याच अधिकारावर आजचा विषय घेतला आहे.

आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार कानी येते: "मोठ्या सरकारी इस्पितळात नको, तेथे शिकाऊ डॉक्टर हात साफ करून घेतात." गोष्ट हृदयाच्या शस्त्रक्रियेची असली म्हणजे ही भीती दुणावते. भीती स्वाभाविक आहे. ती कितपत सयुक्तिक आहे, हे मात्र पाहिले पाहिजे.

हा 'शिकाऊ' असतो कोण? एम. बी. बी. एस. ची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक वर्ष, पुढे एम. एस. ची तीन वर्षे आणि त्यानंतर हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेच्या एम. सीएच. ची तीन वर्षे, असा हा रूढ मार्ग होय. प्रवेशपरीक्षांची तयारी निराळीच. म्हणजे आपण ज्यास शिकाऊ म्हणतो, तो बहुधा तिशीच्या घरातला, पदवीधर शस्त्रवैद्यच असतो.

त्यासही एकदम हृदयाला हात लावू देत नाहीत. आधी छाती उघडणे व मिटविणे, बायपाससाठी पायातील नीला काढणे. मग हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या जोडणे. आणि त्यानंतर गुरूच्या नजरेखाली प्रत्यक्ष टाके घालणे. रात्री अतिदक्षता कक्षात रक्तदाब, छातीतील नळीवाटे येणारे रक्त आणि लघवीचे प्रमाण तासातासाला पाहणारा बहुधा तोच. बालवर्गात आपण मुलाचा हात धरून अक्षर गिरवितो आणि हात बसला म्हणजे हळूच सोडतो. तसाच हा क्रम आहे.

ही विद्या वाढली तीदेखील अशाच शिक्षणसंस्थांत. १९५३ साली फिलाडेल्फियाच्या जेफर्सन वैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात डॉ. गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली उघडले. त्याच्याशी जोडलेल्या वैद्यक महाविद्यालयास सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली, ती अध्यापक सर्व हिंदी असावेत या अटीवर! त्या रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला. पण मार्ग बंद झाला नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी ते यशस्वी करून दाखविले. तेथे हा विभाग उभारणारे डॉ. गोपीनाथ हे वेल्लोरला डॉ. रीव्ह बेट्स या अमेरिकन शस्त्रवैद्याच्या हाताखाली तयार झाले होते. विद्या ही अशी हातातून हाती जाते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तर हृदयाची देशी कृत्रिम झडप बनविली आणि १९९० साली ती प्रथम रोग्याच्या हृदयात बसविली.

आता आमचे मागणे. प्रत्येक कुटुंबाने "आमच्या माणसावर नको" असे म्हटले, तर आपल्या नातवंडांची छाती उघडणारा हात कोठे तयार व्हावा? आपण आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे म्हणून नवस बोलतो; मग दुसऱ्याच्या मुलाने आपल्या रोग्यापाशी बसून शिकू नये, हा न्याय कोणता? शंका असल्यास शस्त्रक्रिया कोण करणार आणि मुख्य शस्त्रवैद्य हजर असतील काय, हे अवश्य विचारावे. तो आपला हक्क आहे. परंतु उत्तर मिळाल्यावर विश्वास टाकावा. निवासी डॉक्टरांवर नातलगांनी हात उगारल्याच्या वार्ता येतात, तेव्हा आम्हा शिक्षकांची मान खाली जाते. रात्रभर जागलेल्या त्या मुलास वा मुलीस दोन गोड शब्दांची जोड द्यावी.

तसेच आपली मुले या वाटेस लागली, तर त्यांस कमाईची व लग्नाची घाई लावू नये. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती पहिल्या पदवीशी थांबते, ती पुढील परीक्षांच्या तयारीच्या काळापर्यंत वाढवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे सादर ठेवतो.