फुकटच्या शोधाची किंमत

(शाळेच्या संगणक कक्षात विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



परवा या कक्षात आठवीतील एक मुलगी भूगोलाच्या प्रकल्पासाठी वाळवंटाची माहिती शोधीत बसली होती. मी विचारले, "बेटी, ही माहिती शोधून देण्याचे किती पैसे पडतात?" ती हसून म्हणाली, "सर, काहीच नाही. फुकट असते." तिचे उत्तर तुमचे-माझे सर्वांचेच उत्तर आहे, आणि ते बरोबर नाही. आज मला त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपण इंटरनेटवर एखादा शब्द शोधतो तेव्हा उत्तरांच्या सोबत जाहिराती येतात. त्यांपैकी एखादीवर आपण बोट ठेवले की जाहिरातदार शोध-यंत्र चालविणाऱ्या कंपनीला पैसे देतो. म्हणजे पैसे आपल्या खिशातून जात नसले तरी ते आपल्यामुळेच निर्माण होतात. शिवाय वीज लागते. गुगलने २००९ साली सांगितले होते की एका शोधाला सुमारे ०.०००३ युनिट वीज खर्च होते. नऊ वॅटचा दिवा दोन मिनिटे जळेल, एवढी ही वीज. एकट्याचा हिशेब क्षुल्लक वाटतो. परंतु जगात दररोज अब्जावधी शोध होतात. थेंबाथेंबाने तळे साचते, तसे ते रितेही होते.

मग प्रश्न असा की, आपल्यामुळे निर्माण होणारा हा पैसा कोठे जावा, हे आपण ठरवू शकतो काय? काही प्रमाणात ठरवू शकतो. जर्मनीतील ख्रिस्तियान क्रोल या तरुणाने नेपाळ व दक्षिण अमेरिकेचा प्रवास केला, जंगलतोडीचे परिणाम पाहिले आणि ७ डिसेंबर २००९ रोजी 'इकोशिया' नावाचे शोध-यंत्र सुरू केले. जाहिरातींतून मिळणारा नफा झाडे लावण्यासाठी आणि पर्यावरणाच्या कामासाठी वापरावयाचा, हा त्याचा नियम. २०१८ साली त्याने कायदेशीर बंधनही घालून घेतले: ही कंपनी फायद्यासाठी विकता येणार नाही आणि तिचा नफा कोणा मालकाला खिशात घालता येणार नाही. कंपनी आपला जमाखर्च दरमहा जाहीर करते. तिने स्वतःचे सौर ऊर्जा प्रकल्प उभारले असून शोधांना लागणाऱ्या विजेपेक्षा अधिक वीज त्यांतून निर्माण होते, असे ती सांगते. २०२३ पर्यंत तिच्या पैशातून लागलेल्या झाडांची संख्या वीस कोटींवर गेली.

आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात तिने बरेच काम केले आहे. तेथील जमिनीवर कडक पापुद्रा धरतो आणि पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही, वाहून जाते. तेथे अर्धचंद्राच्या आकाराचे खड्डे खोदतात. खड्ड्याची उघडी बाजू चढाकडे आणि मातीचा बांध उताराकडे. वरून आलेले पाणी आत थांबते, मुरते आणि त्या ओलीवर रोप धरते. आपल्याकडे डोंगरउतारावर सलग समतल चर खणतात, त्यामागील विचारही हाच. तेव्हा ही गोष्ट परदेशची असली तरी परकी नाही.

आता शंका. "सर, मग दिवसभर जाहिराती दाबत बसू का?" मुळीच नाही. खरेदीची इच्छा नसताना जाहिरात उघडणे ही जाहिरातदाराची फसवणूक आहे. फसवणुकीच्या पैशातून लावलेल्या झाडाची सावली कोणाला गोड लागेल? दुसरी शंका, उत्तरे चांगली मिळतील काय? इकोशिया आपली बरीचशी उत्तरे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून आणि अलीकडे गुगलकडूनही घेते. शालेय अभ्यासाला ती पुरतात. एखाद्या मराठी किंवा उर्दू शब्दाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर तेवढ्यापुरते दुसरीकडे शोधावे. त्यात कमीपणा नाही.

परंतु सर्वांत मोठी शंका माझी स्वतःची आहे. मी तरुण शिक्षक असताना एका शाळेत आम्ही मोठ्या उत्साहाने वृक्षारोपण केले. पाहुणे आले, हार-तुरे झाले, छायाचित्र निघाले. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र आम्ही ठरविले नव्हते. जून महिन्यात परतलो तेव्हा बहुतेक आळ्यांत वाळक्या काड्या उभ्या होत्या. त्या कामाचा प्रमुख मीच होतो, म्हणून दोषही माझाच. तेव्हापासून कोणी लावलेल्या झाडांचा आकडा सांगितला की मी विचारतो, जगली किती? हा प्रश्न इकोशियालाही विचारला पाहिजे. ती उपग्रहाची छायाचित्रे आणि प्रत्यक्ष भेटी यांद्वारे तपासणी करते, ही चांगली गोष्ट आहे. तरीही विचारीत राहणे हे आपले काम.

म्हणून माझी तुम्हांला दोनच मागणी आहेत. पहिली, आज घरी गेल्यावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन शोध-यंत्र बदलून पाहा. मोबाईलसाठी त्यांचे ॲपही आहे. पाच मिनिटांचे काम आहे. दुसरी, शाळेच्या कुंपणालगत या पावसाळ्यात जी रोपे लागतील, त्यांतील एकेक रोप एकेका विद्यार्थ्याने उन्हाळाभर सांभाळावे. पहिले करून दुसरे टाळाल तर तुम्ही फक्त एक बटण बदलले, सवय बदलली नाही.

त्या आठवीतील मुलीने जाताना मला विचारले, "सर, मग फुकट काय असते?" मी तिला उत्तर दिले नाही. ते तिने स्वतः शोधावे, आणि तुम्हीही शोधावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.