‘फक्त माद्या सापडल्या’

(एका महिला मेळाव्यातील भाषण)

मला इथं बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी आयुष्यभर बेडकांच्या आणि सरड्यांच्या पोटातले जंत पाहिले, तुमच्यापुढे काय बोलू? संयोजक म्हणाल्या, तेच सांगा. तर तेच सांगते.

आपल्या पोरांना जंत होतात, तसे बेडूक, सरडे, साप यांनाही होतात. यातल्या दोऱ्यासारख्या गोल जंतांना आम्ही गोलकृमी म्हणतो. त्यांची नवी जात ओळखायची कशी? जंत गरम अल्कोहोलमध्ये टाकला की सरळ होऊन मरतो. मग तो औषधात ठेवून पारदर्शक करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं चित्र काढायचं, एकेक अवयव मोजायचा. आधीच्या सगळ्या वर्णनांशी ताडून पाहायचं. कशाशीच जुळला नाही तर तो नवा. मग एक नमुना निवडून संग्रहालयात ठेवतात. त्याला होलोटाइप म्हणतात. जातीचं नाव त्या एका नमुन्याच्या आधारावर उभं असतं.

आता गंमत ऐका. बेडकांच्या आतड्यात कॉस्मोसर्का नावाचे जंत असतात. त्यांच्या जाती ठरतात त्या मुख्यतः नरावरून. त्याच्या शेपटीजवळ फुलासारख्या खुणांच्या रांगा असतात, त्यांच्या जोड्या किती, समागमाच्या काट्या किती लांब, हे मोजायचं. माद्या एकसारख्या दिसतात. त्यामुळे नर मिळाला नाही तर नोंदवहीत लिहायचं, ‘फक्त माद्या सापडल्या, जात ठरवता येत नाही.’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल!

नर मिळाला तर होलोटाइप म्हणून बहुधा तोच निवडतात. मादीला अ‍ॅलोटाइप म्हणून शेजारी ठेवतात, पण नियमांप्रमाणे जातीचं नाव तिच्यावर अवलंबून नसतं.

यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. माद्यांमधला फरक डोळ्यांना दिसत नव्हता, हे खरंच आहे. पण बेडकाच्या फुप्फुसात रॅब्डियास नावाचे जंत राहतात. तिथं नर नसतोच. मादीसारखं दिसणारं एकच शरीर आधी शुक्रपेशी करतं आणि मग अंडी घालतं. तिथं शास्त्र अडून बसलं का? नाही. शास्त्रज्ञांनी तोंड पाहिलं, ओठ पाहिले, आणि जाती ठरवल्या. सरड्यांच्या आतड्यातल्या पॅराफॅरिंगोडॉनमध्ये मादीचा अंडाशय अन्ननलिकेभोवती वेटोळं घालतो की मागेच राहतो, हीसुद्धा खूण धरतात. आणि आज डीएनए तपासून एकट्या मादीचीच काय, अळीचीही जात ठरवता येते. गरज पडली की खुणा सापडतात.

नावं देण्याचेही नियम आहेत. जातीला पुरुषाचं नाव दिलं तर शेवटी ‘ई’ लागतो, बाईचं दिलं तर ‘आए’. बायकांच्या गटाचं असेल तर ‘आरुम’, पण त्या गटात एक जरी पुरुष असला तरी ‘ओरुम’! पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ओदिल बॅं (१९३९–२०१२) या बाईंनी बेडूक-सरड्यांपासून माणसांपर्यंत अनेक प्राण्यांमधल्या फायलेरिया कृमींचा अभ्यास केला. ब्राझीलमध्ये कुत्र्यांत सापडलेल्या एका कृमीला १९८४ मध्ये त्यांचं नाव मिळालं, सर्कोपिथिफिलारिया बाइनाए. तो शेवटचा ‘आए’ वाचला की मला अजून बरं वाटतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्या प्रयोगशाळेत एक मावशी होत्या. आतडी मिठाच्या पाण्यात उघडायची, धुवायची, बारीक कुंचल्यानं जंत उचलायचे, हे त्यांचं काम. एकदा त्या म्हणाल्या, “बाई, हे बारके बघा. यांची शेपूट वळलेली आहे. मी वेगळे काढून ठेवते.” ते नर होते. आकारानं इतके लहान, की माझ्या हातून धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेले असते. मावशी नसत्या तर तीही नोंद ‘फक्त माद्या सापडल्या’ अशीच झाली असती. त्या नरांवरून नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. आधी सरांचं नाव, मग माझं. चित्रं माझी, मोजमाप माझं, आणि नाव दुसरं! हा राग मी किती वर्षं उराशी बाळगला. अशा सभांमधून बोललेही.

अलीकडे तो निबंध पुन्हा काढून वाचला. शेवटी आभार आहेत. विभागप्रमुखांचे, छायाचित्रं काढणाऱ्याचे, टंकलेखकाचे. मावशींचं नाव कुठेही नाही. आणि मैत्रिणींनो, तो आभाराचा परिच्छेद सरांनी नव्हे, मी लिहिला होता.

मी मावशींकडे गेले, सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “माझं नाव कशाला? मी तर धुवायचं काम केलं.” हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे ना? घरकामाबद्दल आपण बायका हेच म्हणत आलो.

आपणही पाहण्या करतो, अहवाल काढतो. वस्तीतली जी बाई आपल्याला दारोदार घेऊन जाते, जिच्या शब्दावर बाकीच्या बोलतात, तिचं नाव त्यात असतं का? यापुढे अहवालाची पहिली ओळ लिहायच्या आधी एक यादी करा. कुणी काय केलं, तिथपासून. बाईचं काम दिसत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, पाहिलं होतं का? मी स्वतः पाहिलं नव्हतं, म्हणून सांगते.