रुग्णसेवा आणि शिकणारे यंत्र
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



रुग्णालयातील संगणक आता केवळ नोंदी ठेवीत नाही. तो रोगनिदानातही साहाय्य करू लागला आहे. मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही, कापडाचा व्यापारी आहे. दुकानातील दिव्याखाली कापडाचा एक रंग दिसतो, उन्हात दुसरा. म्हणून जाणते गिऱ्हाईक कापड दाराबाहेर नेऊन पाहते. नव्या यंत्राचीही अशीच पारख व्हावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मधुमेहाचे उदाहरण घेऊ. या व्याधीत डोळ्याच्या दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू खराब होतात. प्रारंभी रुग्णास काहीच जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून दृष्टिपटलाचे छायाचित्र वेळोवेळी तपासावे लागते. परंतु तज्ज्ञ थोडे आणि रुग्ण फार. यावर उपाय म्हणून गुगलच्या संशोधकांनी डॉक्टरांनी तपासलेली सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रे संगणकास दाखवून त्यास हा विकार ओळखावयास शिकविले. त्यांतील काही छायाचित्रे अरविंद नेत्र रुग्णालय, शंकर नेत्रालय अशा आपल्या देशातील संस्थांची होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अत्यंत आशादायक होते.

पुढे हे यंत्र थायलंडमधील दवाखान्यांत गेले. त्या देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे ४५ लाख, तर दृष्टिपटलाचे तज्ज्ञ अवघे २००! तज्ज्ञाचा अहवाल येण्यास कधी कधी १० आठवडे लागत. यंत्राचे उत्तर काही मिनिटांत मिळणार होते. २०१८-१९ मध्ये संशोधकांनी पथुम थानी व चिआंग माई या प्रांतांतील ११ दवाखान्यांत प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. छायाचित्रासाठी अंधारी खोली हवी. ती केवळ दोन ठिकाणी होती. पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून यंत्राने तपासलीच नाहीत. नियमानुसार अशा रुग्णास दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवावयाचे. म्हणजे डोळा निरोगी असला तरी प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी बुडणार. एका दवाखान्यात दोन तास इंटरनेट बंद पडले आणि २०० ऐवजी १०० रुग्णांचीच तपासणी झाली.

दोष यंत्राच्या बुद्धीत नव्हता. दिवा, खोली, इंटरनेट आणि परिचारिकेचा वेळ यांचा हिशोब आधी मांडला गेला नव्हता. संशोधकांनी मग पद्धत बदलली. अस्पष्ट छायाचित्र आले की रुग्णास लगेच प्रवासास न पाठवता तज्ज्ञाने ते रुग्णाच्या नोंदींसह पाहावे, असे ठरले. २०२२ मध्ये थायलंडमधीलच ९ केंद्रांवरील ७,६५१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राचे निदान सुमारे ९५ टक्के बरोबर ठरले. मात्र दृष्टी जाण्याचा धोका असलेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ९१ यंत्राने ओळखले; उरलेल्या नऊ जणांसाठी डॉक्टरांची नजर हवीच. त्या अभ्यासातही यंत्राच्या निर्णयावर तज्ज्ञांची देखरेख होती.

बंधू-भगिनींनो, रुग्णालयास यंत्र अर्पण करण्यात आपला समाज कधीच मागे राहिलेला नाही. यंत्राची रक्कम देताना आणखी चार बाबी विचाराव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. ते चालविण्याचे प्रशिक्षण कोणास मिळणार? जागा आणि वीज यांची सोय आहे काय? यंत्राने ‘सांगता येत नाही’ म्हटले, तर त्याच दिवशी कोणता डॉक्टर पाहील? आणि रोग आढळला, तर गरीब रुग्णाच्या उपचाराचा खर्च कोण करील? या चार खर्चांची तरतूद यंत्राच्या किमतीबरोबरच व्हावी. कोनशिलेवर त्यांची नावे कोरली जात नाहीत, परंतु रुग्णाची दृष्टी वाचते ती त्यांच्यामुळेच.